तोंड वासलेला फोटो

मंडळी, आज माझी कॉलर ताठ झाली!

नव्वदच्या दशकात कुंडलच्या एका शाहिरांचा मी रोलवर फोटो काढला होता. पोवाडा रंगात आलेला, मानेच्या शिरा ताणलेल्या. प्रिंट बघून ते भडकले. "असला तोंड वासलेला फोटू कोण लावतं रं भिंतीला? फेटा बांधून नीट बसतो, दुसरा काढ!"

मी हट्टी. काढलाच नाही.

शाहीर आता नाहीत. आज त्यांच्या नातीचा फोटो काढायला डिजिटल कॅमेरा घेऊन गेलो. तीही पोवाडे गाते. बघतो तर घराच्या सोप्यात समोरच्याच भिंतीवर हार घातलेला तोच फोटो!

मी म्हटलं, "बस निवांत." ती डफ घेऊन उभीच राहिली.

"आवं काका, माझाबी आजोबांसारखाच काढा की. तोंड वासलेला!"