पाय जिता हाय

नवापूरच्या मावशींचा पाय बघायला मी आठवड्यातून दोनदा बोईसरहून जायचे. मी नर्स, मूळची घाटावरची, डोकं तापट. मावशींचा जन्म मासळी विकण्यात गेलेला, त्यामुळे आवाज माझ्या वरताण. साखरेच्या दुखण्यामुळे अंगठ्याखालची जखम सात-आठ महिने भरत नव्हती. होळीपर्यंत भरली नाही तर अंगठा काढावा लागेल, असं पालघरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं.

मी नीट पट्टी बांधून यायचे आणि पुढच्या खेपेला जखम कोरडीठाक, कडा कडक. एकदा न कळवताच गेले. बघते तर मावशी बोंबलांच्या दोऱ्यांखाली बसलेल्या, पट्टी सोडलेली, पाय उन्हात. वर बोंबील, खाली अंगठा, दोन्ही वाळत घातलेले. माझा पाराच चढला.

"जखम ओलसर राहिली तर भरते, किती वेळा सांगू?"

"सुकवायचं तू मला शिकवते, शिष्टरबाय? चाळीस वर्सं सुकवते मी!"

"बोंबील मेलेला असतो, मावशी! पाय जिता आहे!"

तोंडातून निघून गेलं खरं. मावशींनी एकदा वरच्या बोंबलांकडे पाहिलं, एकदा अंगठ्याकडे. मग त्यांनी पाय सावलीत ओढून घेतला.

बोंबील टांगणाऱ्या शेजारणींनी सगळं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवसापासून दुपारचा पहारा सुरू झाला. मावशींनी पट्टीला हात लावायचा अवकाश, चौघी एका सुरात ओरडायच्या, "पाय जिता हाय!" मावशींचं पाणी भरणं, बाजारहाट बायकांनी वाटून घेतलं, त्यांना खाटेवर बसवलं आणि गावभरच्या भानगडी ऐकवल्या.

होळीच्या आधी जखम भरली. मी फक्त नाचायचीच बाकी होते. मावशींचं तोंड मात्र उतरलेलं. हळूच म्हणाल्या, "तरी एक पट्टी बांध ना. पाय बरा झाला तर या बाया कशाला येतील?"

सगळे नियम धाब्यावर बसवून मी त्या धडधाकट पायाला पांढरीशुभ्र पट्टी बांधली.

दाराबाहेर पहाऱ्यातली एक शेजारीण उभी होती. "आठवडा झाला, पट्टीला डाग नाय. भरला ना पाय?"

मी खोटं बोलायला तोंड उघडलं.

"ऱ्हाऊ दे. आमाला कळलंय ते तिला सांगू नको," म्हणाली, आणि आत जाऊन मावशींच्या खाटेवर बसली.