शेजारचं ऐकू येईल इतकाच आवाज

नव्या रेक्झिनचा वास आला की मला सोलापुरातली ती दुपार आठवते. माझा बारावीचा निकाल लागला होता आणि दादानं मला हेडफोन आणला होता. “आठवडाभर वाजव, मग आवाज मोकळा होतो. पण बेतानं लाव, शेजारी कोण बोललं तर ऐकू आलं पाहिजे,” असं त्यानंच बजावलं होतं. मला पुण्याला शिकायला पाठवा, हे अण्णांना तोच सांगणार होता. तसा शब्दच दिला होता त्यानं. हेडफोनच्या नव्या रेक्झिनच्या गाद्यांखाली कान घामेजले होते, भिंतीपलीकडे यंत्रमाग खडखडत होते. तेवढ्यात लाइट गेली आणि माग थांबले. मागांमुळं चढलेला दादाचा आवाज मात्र बाहेरच्या खोलीत तसाच चढा राहिला. “पुणं-बिणं काय नको, अण्णा. हेडफोन घेऊन दिलाय की तिला, बसंल गप.” अण्णा हसले. मी मोबाइलवरच्या गाण्याचा आवाज पार शेवटपर्यंत वाढवला. गाणं कुठलं होतं, कुणाला ठाऊक. आता मला जरा कमीच ऐकू येतं. दादा फोनवर ओरडून विचारतो, “ऐकू आलं का गं?” आलं होतं, तेव्हाच.