शब्दाला पुढून जोडलेला तुकडा

हॉस्पिटलच्या शिवणखोलीत त्यांनी एकतीस वर्षं काढली. फाटक्या चादरी, पेशंटचे गाऊन, तुटलेल्या नाड्या, सगळं त्यांच्याच मशीनखालून जायचं, म्हणून सगळे त्यांना शिवणमावशी म्हणत. मावशींना सगळं यायचं, एक इंग्रजी सोडून. ते त्यांना उभ्या जन्मात येणार नाही, असं घरादाराचं ठाम मत होतं. दुसऱ्याबद्दल मत बनवायला काही शिकावं लागत नाही.

निवृत्तीला वर्ष उरलं तेव्हा मावशी वही घेऊन सुनेपुढे बसल्या. सून शाळेत इंग्रजी शिकवायची. अक्षरं झाली, शब्द झाले, मग उपसर्ग-प्रत्यय आले आणि मावशींची गाडी सुसाट सुटली, कारण हे तर शिवणकामच निघालं. मूळ शब्दाला पुढून तुकडा जोडा, मागून जोडा, अर्थ बदलतो. हॅपीला पुढून 'अन' लावला की सुखाचं वाटोळं. होपला मागून 'लेस' लावला की आशा संपली. करेक्टला 'इन' लावला की चूक.

"म्हणजे 'इन' दिसला की नाही म्हणायचं," मावशी म्हणाल्या. सुनेला शाळेची घाई होती. तिने हो म्हटलं.

रोजचा धडा दुपारी डब्यासोबत थोरल्या सिस्टरपुढे म्हणून दाखवला जायचा. हॉस्पिटलच्या सगळ्या नर्सेस या हेडनर्स बाईंना टरकून असत, पण वीस वर्षं त्या जेवल्या मावशींसोबतच. शेवटच्या आठवड्यात त्यांनी मावशींच्या हातात पाकीट ठेवलं.

"मुद्दाम इंग्रजीत लिहिलंय. कुणाकडून वाचून घेऊ नका, स्वतः वाचा."

मावशींनी घरी येऊन एकेका शब्दावर बोट ठेवत वाचलं. शेवटच्या ओळीत अडल्या. तुमचं काम आमच्यासाठी 'इनव्हॅल्युएबल' होतं. त्यांनी तो शब्द शिवण उसवावी तसा उसवला. व्हॅल्यू म्हणजे किंमत. मागचा 'एबल' म्हणजे करण्याजोगी. आणि पुढे 'इन'. एकतीस वर्षांचं काम, आणि किंमत करण्याच्या लायकीचं नाही.

त्यांना इतकं लागलं की डोळ्यांतून पाणीसुद्धा आलं नाही. आपलीच बेअब्रू कुणाला दाखवायची, म्हणून पत्र साड्यांच्या तळाशी गेलं. निरोप समारंभाला त्या ताप आल्याचं सांगून गेल्याच नाहीत.

आठ महिन्यांनी थोरल्या सिस्टर वारल्याचं कळलं. मावशी "बरं" म्हणाल्या आणि भाजी निवडत राहिल्या.

पुढे कपाट आवरताना पत्र सुनेच्या हाती लागलं.

"आई, किती सुंदर लिहिलंय. तुम्ही दाखवलं नाहीत ते?"

"सुंदर काय त्यात? 'इन' लावलाय."

सून कपाट तसंच टाकून त्यांच्याजवळ आली. "इथे त्याचा अर्थ तसा नाही होत, आई. किंमत करताच येणार नाही, इतकं मोलाचं. आपण अमूल्य म्हणतो ना, तसं. मी सांगायला हवं होतं तुम्हाला."

"अमूल्य," मावशी म्हणाल्या. पुढचा 'अ' त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच वेगळा ऐकला.

त्यांनी पत्रातल्या त्या शब्दावर पुन्हा बोट ठेवलं.

"जायच्या आधी बाजारात भेटल्या होत्या सिस्टर मला. काठी टेकत येत होत्या. लांबून हाक मारली, मावशी म्हणून," त्या म्हणाल्या. "मी ऐकलं न ऐकलंसं केलं आणि रस्ता ओलांडून गेले."