अंगणातली गाडी

शिरोळचे जिनपाल मगदूम उसाच्या ट्रॉल्या बनवायचे. साठीनंतर त्यांनी जीपमागं ओढायची चाकांवरची खोली बांधली आणि बायकोला, त्रिशलाबाईंना, घेऊन कन्याकुमारीला निघाले. वाटेतच त्या विसरू लागल्या. आधी गावांची नावं, मग मुलांचीही. डॉक्टर म्हणाले, "घरी न्या."

घरी आल्यावर त्या दारातच थबकल्या. "हे कुणाचं घर हो?"

"आपलंच की. चल आत."

"न्हाय. लोक रागावतील. आपल्या गाडीत जाऊया."

सुनेनं हाताला धरलं, तशा त्या रडू लागल्या. मग जिनपालनी गाडी अंगणातच लावली. तेव्हापासून दोघं तिथंच राहतात.

परवा चहा देताना त्रिशलाबाईंनी त्यांनाच विचारलं, "पावणं, आमचं मालक कुठं गेल्यात?"

"येतील की एवढ्यात," जिनपाल म्हणाले आणि त्यांच्याशेजारी बसून राहिले.