बिनबर्फाची मासळी

गिऱ्हाईक कितीही घाईत असो, सुरमई कापायच्या आधी आमची मासळीवाली मावशी दोन्ही हात काखेत घालून बसायची. "थांब गो बाय, बोटांत जीव येऊंदे."

दोन हजार दहाच्या आसपास नवीन पनवेलच्या बाजारात मासळी घेणाऱ्या तुम्ही सगळ्यांनी हे पाहिलं असेल. बर्फात हात घातला की मावशीची बोटं आधी पांढरीफटक, मग निळी, शेवटी लालबुंद. गालांवर आणि नाकावर लाल चट्टा कायमचा. त्यावर अख्ख्या खांदा कॉलनीने तिला क्रीम सुचवलं होतं. मीही.

एका बोटाच्या टोकाला जखम झाली आणि ती भरेचना, तेव्हा मीच तिला ओढत आमच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या झाल्या. ल्युपस, डॉक्टर म्हणाले. म्हणजे शरीर स्वतःशीच भांडतं. त्यात थंडीने बोटांच्या रक्तवाहिन्या आवळतात. असंच चाललं तर बोट जाईल. ऊन टाळा, बर्फाला तर हातच लावू नका.

"मंग मासली कपाटात ठेवू?" तिने विचारलं. डॉक्टर चष्मा पुसत बसले.

गोळ्या सुरू झाल्या. मी तिला लोकरीचे हातमोजे आणि वरून घालायला रबरी मोजे आणून दिले. झालं! हात लावायला घाबरते म्हणजे माशांवर काहीतरी फवारलंय, असं आमच्या बायकांनी ठरवून टाकलं आणि सगळ्या शेजारच्या कोळणीच्या पाटीकडे वळल्या. तिने मोजे माझ्या पिशवीत कोंबले. "तूच घाल, भांडी घासाया."

मग तिने बर्फच सोडला. पहाटे उरणहून थोडीच मासळी आणायची, ओल्या गोणपाटाखाली ठेवायची, ऊन चढायच्या आत विकून घरी. बायकांनी पुन्हा ठरवलं: बर्फ नाही, म्हणजे आत्ताच जाळ्यातून काढलेली. झुंबड उडाली. जखम भरत आली. मी डॉक्टरांसमोर अशी मिरवले की जणू औषध माझंच.

पण पावसाळ्यात होड्या बंद. बाजारात येते ती बर्फातलीच मासळी. मी बजावलं, होड्या सुटेपर्यंत घरी बस. तिला एकच धास्ती, एकदा पाटी उठली की गिऱ्हाईक परत फिरकत नाय. ती बसली, बर्फ घेऊन. मी भर बाजारात तिच्यावर ओरडले.

"ओरडून झालं? मंग बोल, काय देऊ?"

नारळी पौर्णिमेच्या आधीच बोट काळं पडलं. कापावं लागलं. त्यानंतर मुलाने तिला बाजारात येऊच दिलं नाही. मला तिचा अजून राग येतो, आणि आठवण त्याहून जास्त.

पाटीवर तिची सून बसू लागली. अबोल पोर. एकदा पिशवीत कोलंबी टाकता टाकता म्हणाली, "आई रोज विचारते, गिऱ्हाईक येतंय ना आपल्याकडं?"

"येतंय म्हणून सांग," मी म्हटलं. पाटीभोवती माझ्याशिवाय कोणीच नव्हतं.

मग पापलेटाचे कल्ले उघडून पाहिले. ताजं नव्हतं.

"ही दोन दे," मी म्हटलं.