मेट्रनबाईंचे मुळे

माझ्या आत्याला सगळे 'मेट्रन' म्हणायचे. खरं तर ती दवाखान्यात अठ्ठावीस वर्षं आया होती. पण एखाद्या पेशंटनं औषध थुंकलं की अशी बघायची, की शेजारच्या खाटेवरचाही आपली गोळी गिळून टाकायचा. निवृत्त झाली तेव्हा गुडघे कामातून गेले होते, हौस मात्र शाबूत होती. घरामागच्या दहा पावलांच्या जागेत भाजी लावायची, असं तिनं ठरवलं.

जागा म्हणजे निव्वळ चिकणमाती. ओली असली की चप्पल गिळायची, वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडायच्या. शेजारचे गवंडी कुंपणावरून म्हणाले, "मेट्रनबाई, इथं विटा पाडा. भाजीचं काही खरं नाही."

"मी मुळे लावणार."

"मग वाळू मिसळा थोडी. मोकळी होईल माती."

त्यांनीच सहा घमेली वाळू दिली. आत्यानं ती मिसळली आणि उन्हाळ्यात त्या जागेची चक्क फरशी झाली. कुदळ मारली की खणखण वाजायची. मुळे आले ते अंगठ्याएवढे, खाली दोन तंगड्या फुटलेले.

"हे मुळे आहेत की पायजमे?" गवंडी पोट धरून हसले. आत्याच्या ते जिव्हारी लागलं.

दुसऱ्या दिवशी पदरात एक ढेकूळ बांधून ती दवाखान्याच्या म्हाताऱ्या माळ्याकडे गेली. त्यानं ते फोडून पाहिलं. "मातीत ताकद आहे बाई, हवा नाही. मूठभर वाळूनं तिचा गिलावा होतो. तिला पाला खाऊ घाला, कुजलेलं शेणखत घाला, आणि एकदा वाफा केला की त्यावर पाय ठेवू नका."

"किती दिवस लागतील?"

"दिवस नाही, दोन वर्षं."

"मी हाडं मोडलेली माणसं चालती केलीत," आत्या म्हणाली. "ही तर माती आहे."

मग दवाखान्याच्या आवारातला पाचोळा पोत्यांत भरून, मोडक्या व्हीलचेअरवर लादून आम्ही आणायला लागलो. जुन्या विटा रचून गुडघ्याएवढ्या उंचीचे दोन वाफे केले, स्टुलावर बसून मध्यापर्यंत हात पोचेल एवढेच रुंद. रोज सकाळी आत्या मूठभर माती दाबून बघायची. गोळा चिकटून राहिला तर खणायचं नाही. अंगठा लावताच फुटला, की कुदळ माझ्या हातात. एकदा मी चुकून वाफ्यात पाय टाकला, तर केवढी ओरडली! "उतर खाली! पेशंटच्या छातीवर उभी राहशील का?"

पहिल्या वर्षी पाल्याचा थर बसून निम्मा झाला. मला वाटलं, गेली मेहनत पाण्यात. आत्यानं वर आणखी पाला घातला. दुसऱ्या वर्षी हात खुपसला तो कोपरापर्यंत आत गेला, आणि ओंजळीत सात गांडुळं वळवळली. आत्यानं ती मोजली, दोनदा.

आणि मुळे! उपटला की सरळसोट, हातभर लांब, पांढराशुभ्र. आत्या काठी टाकून उभी राहिली आणि पहिला मुळा तिनं कुंपणावरून गवंड्यांच्या हातात दिला. त्यांचा विश्वास बसेना. "वरवर भुसभुशीत असेल," म्हणत ते लोखंडी सळई घेऊन आले आणि जोर लावून वाफ्यात खुपसली. सळई मुठीपर्यंत आत गेली आणि गवंडी तोल जाऊन विटांवर आदळता आदळता वाचले.

सावरून त्यांनी हात झटकले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "आमच्या परसाचं बघता का जरा? घरची मागं लागलीय."

"बघते की. पण राबायचं तुम्ही."

पुढच्या रविवारी ते कुदळ उगारून तयार होते. आत्या स्टूल टाकून बसली, त्यांच्या मातीची मूठ दाबली आणि मान हलवली. "आज ओली आहे. परवा."

गवंड्यांनी निमूटपणे कुदळ खाली ठेवली.