पलटणीची स्नायडर

काका कोणतीही बंदूक हातात घेतली की आधी तिचं झाकण उघडायचे, आत करंगळी घालायचे आणि म्हणायचे, "रिकामी आहे. आता तू बघ." मग समोरच्यालाही करंगळी घालावी लागायची. दोन मिनिटांपूर्वी त्यांनीच बघितलेली असली तरी सुटका नसे. "मी बघितलं ते मी बघितलं. तू कुठे बघितलंस?"

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, जी घरातून निघताना कुलूप तीनदा ओढून बघतात. काका तसे वाटायचे, पण तसे नव्हते. त्यांना भीती नव्हती, शिस्त होती. या दोन गोष्टींत फरक आहे हे मला त्यांच्याकडे बघून कळलं.

अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावातल्या एका कंपनीत आम्ही बरोबर होतो. शरीरात बसवायचे बारीक सुटे भाग तिथे बनतात, आणि ते नीट बनलेत का हे मोजायची लॅब काकांची होती. मी नवीन, तिशीतली, सांगलीची. ते साठीच्या पुढचे, मूळ दापोलीकडचे. पहिल्याच आठवड्यात मी एका रिपोर्टवर "बहुतेक ठीक" असं लिहिलं. त्यांनी कागद परत माझ्या टेबलावर आणून ठेवला. "बहुतेक म्हणजे किती? मोजलं तेवढंच बोलावं."

हे वाक्य नंतर मी हजारदा ऐकलं. हवामानाबद्दल, राजकारणाबद्दल, माझ्या होणाऱ्या नवऱ्याबद्दलसुद्धा.

अशा माणसाच्या बेसमेंटमध्ये सात बंदुका आहेत हे कळलं तेव्हा मला धक्काच बसला. या देशात बंदूक म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. तुमच्याही येत असेल. मी तोंडावर बोलले तसं. ते हसले नाहीत. म्हणाले, "यायलाच पाहिजे. ज्याच्या पोटात गोळा येत नाही त्याच्या हातात मी देत नाही."

त्या बंदुका होत्या दीडशे वर्षांच्या आसपासच्या. लष्करी, आणि एका वेळी एकच गोळी घेणाऱ्या. काडतूस घाला, झाकण लावा, घोडा मागे ओढा, नेम धरा, चाप ओढा. मग झाकण उघडा, रिकामं काडतूस काढा, पुन्हा पहिल्यापासून. काका गोळ्याही स्वतः ओतायचे. शिसं वितळवायचं, साच्यात घालायचं, मधमाश्यांचं मेण चोपडायचं, आणि प्रत्येक गोळी वजन करून बघायची. शंभरातल्या पंधरा-वीस पुन्हा भांड्यात जायच्या. वितळलेल्या शिशात पडताना त्या चांदीसारख्या चमकायच्या, आणि काका म्हणायचे, "जा बाई, पुन्हा जन्म घे."

एका पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायच्या जेवणाला, कोणीतरी त्यांना छेडलं. "काय काका, बुद्धाचं नाव घेता आणि बंदुका चालवता?"

"आजवर पुठ्ठ्याशिवाय कोणाला मारलं नाही," काका म्हणाले. "तुमच्या ताटातल्या कोंबडीला विचारा, तिच्या घरचे माझ्याबद्दल तक्रार करत नाहीत."

सगळे हसले. पण त्याच संध्याकाळी दुसऱ्या एकाने विचारलं, "घराण्यात कोणी फौजेत होतं का? म्हणजे, तुमच्यात असतं का तसं?" ते "तुमच्यात" ऐकून माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. आमच्या घरी जातीचा विषय कधी निघत नसे. म्हणजे आम्हाला तो काढावा लागला नव्हता, हे मला त्या क्षणी समजलं.

काकांनी शांतपणे आधी घास संपवला. "होतं," म्हणाले. "पणजोबा होते. हवालदार." आणि पुन्हा जेवायला लागले.

कारमध्ये बसताना त्यांनी मला उरलेलं सांगितलं. पणजोबा मुंबई इलाख्याच्या पलटणीत होते. महारांची भरती तेव्हा सर्रास व्हायची. पुढे सरकारने ठरवलं की काही जाती लढवय्या आणि काही नाहीत, आणि महारांना दार बंद झालं. पणजोबा पेन्शन घेऊन गावी आले. त्यांचा मुलगा, म्हणजे काकांचे आजोबा, भरतीला गेले, तर रांगेतून बाहेर काढलं. ते पुढे आयुष्यभर बंदरावर पोती वाहत राहिले.

"पणजोबांचं काही उरलंय घरात?"

"काही नाही. आत्या सांगायची, त्यांच्या उजव्या खांद्याला काळा घट्टा होता. बंदुकीच्या धक्क्याने पडलेला. एवढंच." थोडं थांबून म्हणाले, "मी इथे आलो, नोकरी लागली, घर झालं. मग वाटलं, तो धक्का कसा असतो ते तरी बघावं."

तर अशी सुरुवात होती. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याला छंद आहे.

त्यांना हवी होती स्नायडर. सत्तावन्नच्या उठावानंतर इंग्रजांनी देशी पलटणींना कायम एक पिढी जुनी बंदूक दिली. गोऱ्या सोल्जरकडे नवी आली की जुनी इकडे यायची. पणजोबांच्या काळात ती स्नायडर असणार. इंग्रजांनी पुढे नेपाळला दिलेल्या अशा बंदुका तिथल्या एका जुन्या शस्त्रागारातून ढिगाने अमेरिकेत आल्या होत्या, ग्रीस आणि शंभर वर्षांची माती अंगावर घेऊन. काकांनी त्यातली एक मागवली. ती आली तेव्हा बंदूक कमी आणि चिखलातून काढलेलं लाकूड जास्त दिसत होती.

तो हिवाळा आम्ही ती साफ करण्यात घालवला. बाहेर खिडकीच्या अर्ध्यापर्यंत बर्फ, आत बेसमेंटमध्ये रॉकेलचा वास, आणि काका जुन्या टूथब्रशने एक-एक इंच खरवडतायत. मी चहा करायला आणि चिंध्या धुवायला. फेब्रुवारीतल्या एका रविवारी दस्त्याच्या पितळी पट्टीवरून मी चिंधी फिरवत होते, आणि खाली कोरलेली अक्षरं उमटायला लागली.

"काका, इथे काहीतरी लिहिलंय."

त्यांनी भिंग घेतलं. अक्षरं एकेक करून वाचली. मग उठून वर गेले आणि एक फाइल घेऊन आले. लंडनच्या दफ्तरातून मागवलेल्या कागदांच्या त्या प्रती होत्या. त्यात पणजोबांचं नाव होतं आणि पलटणीचा आकडा होता. पट्टीवर तोच आकडा होता.

मला रडूच आलं. मी म्हणाले, "काका, ही त्यांची असेल!"

"असं म्हणू नकोस." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "पलटणीत सात-आठशे बंदुका असतात. ही त्यातली एक. तेवढंच आपल्याला माहीत आहे." मग त्यांनी तळहात त्या दस्त्यावर ठेवला. "पण तेवढं माहीत आहे."

मी आजवर देवळात, विहारात, चर्चमध्ये माणसं हात टेकताना पाहिलीत. तसा टेकलेला हात पुन्हा पाहिला नाही.

वसंतात बर्फ वितळला आणि त्याच महिन्यात काकांच्या उजव्या डोळ्याने दगा दिला. डोळ्याच्या मधोमध डाग. कडेचं दिसायचं, पण ज्याकडे बघावं नेमकं तेच पुसलं जायचं. नेम धरायला नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे तो बारीकसा खुंट, दिसावी लागते. त्यांना माशी दिसेना. डॉक्टरांनी सांगितलं, हा परत येणार नाही, आणि डावाही कधीतरी याच वाटेने जाईल.

आणि त्यांची मुलगी, पूर्व किनाऱ्याकडे श्रूजबरीला राहणारी, इमर्जन्सीमध्ये डॉक्टर, फोनवर म्हणाली, "बाबा, इनफ. सेल देम. माझ्याकडे या." तिला या बंदुका कधीच आवडल्या नव्हत्या. काकांनी तिला एकदा समजावून पाहिलं होतं, की इतकी जुनी बंदूक इथल्या कायद्याने बंदूकच धरत नाहीत, पुराणवस्तू धरतात. त्यावर ती म्हणाली होती, "बाबा, पेशंटला झालेलं भोक पुराणवस्तू नसतं." काका मला म्हणाले, "तिचं खरं आहे. ती रोज बघते, मी बघत नाही." तिच्याशी त्यांनी पुन्हा कधी वाद घातला नाही.

फक्त एक वर्ष मागून घेतलं.

त्या वर्षात या माणसाने जे केलं ते मी सांगते, तुम्ही ठरवा. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी ते डावखुरे झाले. रोज सकाळी ऑफिसच्या आधी एक तास, बेसमेंटमध्ये, रिकामी बंदूक डाव्या खांद्याला लावून. चाप डाव्या बोटाने. घोडा डाव्या अंगठ्याने. सुरुवातीला त्यांना चमचा धरलेल्या बाळासारखं व्हायचं. चिडायचे नाहीत. वहीत लिहायचे: आज नळी किती हलली. शिवाय जेवूही डाव्या हाताने लागले. कँटीनमध्ये शर्टावर वरण सांडायचं. मी टिश्यू पुढे केला की म्हणायचे, "राहू दे. हात शिकतोय."

शहराच्या पश्चिमेला, मक्याच्या शेतांपलीकडे नेमबाजीची एक रेंज आहे. तिथे दर उन्हाळ्यात जुन्या लष्करी बंदुकांचा सामना होतो. सगळे गोरे म्हातारे, बरेचसे शेतकरी. काका पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा त्यांच्यातल्या सर्वांत वयस्कर माणसाने, हिरवी टोपी घालणाऱ्या एका दूधवाल्या शेतकऱ्याने, विचारलं होतं, "या बंदुका तुमच्या लोकांवर चालवल्या होत्या ना?" काका म्हणाले होते, "हो. आणि आमच्याच लोकांनी चालवल्या होत्या. आम्ही दोन्ही टोकांना होतो." त्या दिवसापासून तो म्हातारा काकांशेजारी खुर्ची टाकून बसायचा. दोघं तासन्तास बोलायचे नाहीत आणि दोघांनाही ते आवडायचं.

त्या शेवटच्या सामन्याला मी गेले. तीनशे यार्डांवर लोखंडी पाटी, चहाच्या टेबलाएवढी. इथून ती पोस्टाच्या तिकिटासारखी दिसत होती. दहा गोळ्या. गोळ्या झाडण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या बंदुकीची ओळख सांगायची, असा तिथला रिवाज.

काका उभे राहिले. इंग्रजीत बोलले, पण सावकाश, गावी बोलावं तसे. "ही स्नायडर. हिच्यावर जो आकडा आहे त्या पलटणीत माझे पणजोबा हवालदार होते." त्यांनी पणजोबांचं पूर्ण नाव घेतलं, गावाचं नाव घेतलं. "ही त्यांची होती असं मी म्हणत नाही. त्यांनी अशीच एक वापरली. नंतर त्यांच्या मुलाला सांगण्यात आलं, तुम्ही जन्मानेच सैनिक नाही."

आणि बंदूक डाव्या खांद्याला लावून ते पोटावर आडवे झाले.

पहिली गोळी. जुन्या दारूचा आवाज कडाडत नाही, गडगडतो. जमिनीतून पोटात येतो. पांढऱ्या धुराचा लोट उठला आणि समोर काही दिसेना. त्या बंदुकीची गोळी जड आणि संथ. चाप ओढल्यावर मनात एक, दोन म्हणावं लागतं. एक. दोन. आणि लांबून, देवळातल्या घंटेला कोणी चुकून हात लावावा तसा आवाज. टण्.

दुसरी, टण्. तिसरी, टण्. चौथी मातीत गेली. काकांनी मान वर केली नाही. वारा आडवा होता. त्यांनी धूर कुठे जातो ते एका डोळ्याने बघितलं, थोडं सरकले. पाचवी, टण्. सातवीपर्यंत शेजारच्यांनी आपल्या बंदुका खाली ठेवल्या होत्या. आठवी, नववी. दहाव्या गोळीचा धूर विरला.

दहापैकी नऊ.

हिरव्या टोपीवाल्या म्हाताऱ्याने टोपी काढली. टाळ्या नाहीत, काही नाही. एकेक करून बाकीच्यांनीही काढल्या. काका आडवेच होते. मी जवळ गेले तर ते हळूच म्हणाले, "उठव मला. खांदा गेलाय." शर्टाची कॉलर बाजूला केली तर खांदा जांभळा झाला होता. त्याकडे ते असे बघत होते, जसं कोणी घरून आलेलं पत्र बघतं.

पुढे डावा डोळाही गेला, वाटलं होतं त्यापेक्षा लवकर. आधीच्या सात बंदुका रेंजवरच्या मित्रांना गेल्या. स्नायडर त्यांनी हिरव्या टोपीवाल्याला दिली. मुलीकडे कायमचं निघायच्या आदल्या दिवशी त्याच्या गोठ्यामागच्या खोलीत बसून, ती उडवल्यावर गरम पाण्याने कशी धुवायची ते त्याला हाताला धरून शिकवलं.

एअरपोर्टवर मी सोडायला गेले. त्यांना दिसत नसल्याने मला गेटपर्यंत सोबत जायचा पास मिळाला. तपासणीत एका मुलीने त्यांच्या तळहातावर कापडी पट्टी फिरवली, मशीनमध्ये घातली, आणि मशीन ओरडायला लागलं.

"सर, तुम्ही स्फोटकं हाताळलीत का?"

"येस," काका म्हणाले. "वीस वर्षं."

मी कपाळाला हात लावला. तिने वरिष्ठांना बोलावलं, बॅग उघडली, स्वेटर उचकले, डोळ्यांच्या औषधाच्या बाटल्या उजेडात धरून बघितल्या. काकांना खुर्चीत बसवून ठेवलं. दोन माणसं त्यांच्यावर नजर ठेवून उभी. मी घाबरून सगळं समजावत होते. काका मात्र ताठ बसले होते, आणि चेहऱ्यावर असं हसू की मला त्यांचा रागच आला.

"काका, हसताय काय?"

"आजोबांना रांगेतून घालवून दिलं होतं," ते मराठीत म्हणाले. "आणि माझ्यासाठी दोन-दोन माणसं उभी केलीत. बघ."

अर्ध्या तासाने सोडलं. गेटवर व्हीलचेअर ढकलणारा आला. मला पुढे जाता येणार नव्हतं. विमानाकडे जाणाऱ्या त्या लांब बोळाच्या तोंडाशी काकांनी खुर्ची थांबवायला लावली, मागे वळले आणि हात हलवला. मी होते उजवीकडे, दारापाशी. ते हलवत होते डावीकडे, जिथे काचेच्या भिंतीशिवाय काही नव्हतं.

मी बॅगांवरून, लोकांच्या पायांमधून पळत गेले आणि त्या काचेपाशी जाऊन उभी राहिले.